सातव्या पानाची लांबी

१

गंगारामाने पोथीचं सातवं पान उलटलं आणि त्याचा अंगठा तिथेच थांबला.

पिंगुळीच्या देवळात अष्टमीची सकाळ होती. संध्याकाळी दिवेलागणीला चित्रकथीचा खेळ होता, पोथीतलं एकेक चित्र दाखवत कथा गायची, म्हणून गंगाराम पोथीचं फडकं सोडून पानं तपासत बसला होता. तपासत म्हणजे डोळ्यांनी नव्हे. चित्रं तो बघतच नसे. आजोबांच्या काळापासून प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्याला अंगठा लागून लागून एक खळगा पडलेला, आणि त्या खळग्यांवरूनच त्याला कळे आता कोणतं पान आलं आणि कोणत्या सुरात शिरायचं.

"ह्या पान माझा न्हय," तो म्हणाला.

पुतण्या गणपत जवळच डक्की या छोट्या तालवाद्याची दोरी ताणत होता. त्याने वाकून पाहिलं. लाल घोड्यांचा रथ, वर निळा पक्षी. पान उलटलं, तर मागे समुद्रकाठची लढाई. चित्रकथीत दोन चित्रं पाठीला पाठ चिकटवून एक पान होतं, तसंच हे होतं. धुरकट रंगसुद्धा जुन्यासारखा.

"काका, ता आपलाच पान आसा."

"डोळ्यांका आपला दिसता. अंगठ्याक नाय लागणा."

गणपतने पान उजेडात धरलं आणि त्याचा चेहरा उतरला. रंग खरंच त्याचे होते. गेल्या वर्षी त्यानेच काढलेली नक्कल होती ती.

तासाभरात गावभर झालं. पोथी आठ दिवस कुडाळच्या लोककला संग्रहात नोंदणीसाठी होती, काल परत आली ती थेट देवळात, मानकऱ्यांच्या कुलपात गेली. संग्रहाचे संचालक, ज्यांना सगळे भाई म्हणत, ते स्वतः जीपमधून आले आणि मानकऱ्यांसमोर शांतपणे बोलले. "पोथी जशी आली तशी परत दिली. कॉम्प्युटरच्या सूचीत चोवीस पानं आहेत, तुमच्याकडेही चोवीस आहेत. नकला कोण करतं ते मी सांगायला नको. मूळ पान कुठे विकलं, ते गणपतला विचारा."

मानकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. देवीपुढे खोटं पान उघडायचं नाही, हा देवळाचा कायदा पिढ्यांपिढ्यांचा. दिवेलागणीपर्यंत खरं पान आलं नाही तर खेळाचा मान दुसऱ्या घराकडे जाणार होता, आणि एकदा गेलेला खेळ परत येत नाही हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. गंगारामाने पोथी फडक्यात बांधली आणि तो तडक सुभद्राबाईंच्या अंगणात जाऊन उभा राहिला.

२

सुभद्राबाईंनी कुडाळच्या पोस्टात एकतीस वर्षं टपाल वर्गीकरण केलं होतं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी गाव त्यांना मास्तरीणबाय म्हणायचं. चुकीच्या पत्त्याचं पत्र बरोबर घरी पोचवणं हा त्यांचा धंदा होता आणि आता धंदा नसल्याने त्या जरा चिडचिड्या झाल्या होत्या. शेजारच्या चोऱ्या, हरवलेल्या कोंबड्या, मोडलेली लग्नं, कशातही नाक खुपसायला त्या तयार असत.

पण हे प्रकरण त्यांच्या घरातच येऊन पडलं होतं. संग्रहाच्या कॉम्प्युटरवर ती सूची केली होती त्यांच्या भावाच्या मुलीने, सुनीतीने. कोल्हापूरला शिकून आलेली पोर, सहा महिन्यांची कच्ची नोकरी, पक्की व्हायला आठवडा उरलेला.

"मास्तरीणबाय," गंगाराम म्हणाला, "पोथी मी तुमच्या चेडवाच्या हातात दिलंय. तिच्यार माझो संशय नाय. पण माझ्या गणपतार पण नाय. मगे पान गेला खंय?"

"संध्याकाळपर्यंत वेळ आसा मा? बस. चाय घे." आणि आत वळून त्या म्हणाल्या, "सुनीती, चप्पल घाल."

एसटीने कुडाळला जाईपर्यंत सुभद्राबाईंनी सुनीतीकडून सगळं काढून घेतलं. सूची कशी केली, कोण जवळ होतं, पोथीचं कपाट कुणाकडे. कपाटाची किल्ली ऑफिसात खिळ्याला लटकलेली, म्हणजे सगळ्यांकडेच.

संग्रहाच्या ऑफिसात कॉम्प्युटर एका नव्याकोऱ्या टेबलावर बसवलेला होता आणि त्यावर क्रोशाचं झाकण होतं. सुनीतीने ते काढलं, बटण दाबलं.

"आता माका पोस्टाच्या भाषेत सांग," सुभद्राबाई म्हणाल्या.

सुनीतीला हसू आलं. "तुझा वर्गीकरणाचा कपाट होता ना आत्या, खणांचा? तसाच. मी एक साचो लिहिलंय. तेका फडताळ म्हणतंय. पोथीच्या एकेका पानाक एकेक फडताळ. फडताळातल्या प्रत्येक खणाक नाव, आणि नाव सांगितला की आतली वस्तू मिळता. रंग म्हटला की रंग, लांबी म्हटली की लांबी."

"एका नावाचे दोन खण?"

"चलत नाय. त्याच नावान दुसरा काय ठेवलास तर पयला जाता."

"आणि भलत्या खणात भलती वस्तू घातली तर? आमच्याकडे रजिस्टरच्या खणात पोस्टकार्ड टाकणारे शहाणे होते."

"तेचसाठी तर खणाक जात दिलंय. लांबीच्या खणात नुसतो आकडो जाता. दिनांकाच्या खणात तारीख. पान फाटलेला आसा काय, ह्या खणात होय नायतर नाही. दुसरा काय टाइप केलास तर फडताळ घेणाच नाय. जुना होता ता तसाच रवता."

तिने दाखवलं. मशीनला देवनागरी येत नव्हती, म्हणून मराठी आज्ञा रोमन अक्षरांत टाइप करायच्या. ठेव, सात, लांबी, आणि पुढे मुद्दाम 'खूप'. मशीन 'टुं' करून वाजलं आणि पुढच्या ओळीवर गेलं. मग 'दे, सात, लांबी' असं टाइप केल्यावर पडद्यावर आला जुनाच आकडा: ३७.५.

"वाजलं म्हणजे घेतलं," मागून आवाज आला. संग्रहाचा कारकून हरिश्चंद्र डबा घेऊन दारात उभा होता. "आम्हाला तरी तसंच वाटायचं. सुनीतीताई परवा रागावल्या तेव्हा कळलं, की वाजलं म्हणजे नाकारलं."

"हे अजून कुणाला कळलं?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"मला एकट्यालाच. भाई मशीनला हात लावत नाहीत, पण आज्ञांचा कागद तिथे भिंतीवर लावलाय, कुणीही वाचावा."

सुभद्राबाईंनी कागदाकडे पाहिलं आणि मग पडद्यावरच्या आकड्याकडे. त्यांनी पिशवीतून खोटं पान काढलं, निघताना गंगारामाकडून मागून घेतलेलं.

"सदतीस पूर्णांक पाच. सुनीती, ह्या मोज बघूया."

सुनीतीने मोजलं. मग पुन्हा मोजलं, आणि पट्टीवरचा आकडा आत्याला बोटाने दाखवला.

३

"तुमच्याच भाचीनं मोजायचं आणि तुम्हीच निवाडा द्यायचा, हे चालणार नाही," भाई म्हणाले. ते नुकतेच जीपमधून उतरले होते आणि आपल्या ऑफिसात चौकशी बसलेली पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

"मग तुम्ही मोजा," सुभद्राबाई म्हणाल्या. "सगळ्यांनीच मोजा. एकेकाने, आपल्या हाताने. म्हणजे म्हातारीचा चष्मा मध्ये येणार नाही."

भाईंनी टेबलावरची प्लास्टिकची पट्टी घेतली. "छत्तीस पूर्णांक दोन. सेंटिमीटर." त्यांना कुतूहल वाटलं असावं, कारण त्यांनी लगेच पडद्याकडे पाहिलं आणि पान पुन्हा एकदा मोजलं.

हरिश्चंद्राने कपाटातली लाकडी फूटपट्टी काढली. शाळेत मास्तर होता होता राहिलेला माणूस, नीट डोळा लावून त्याने मोजलं. "सव्वाचौदा इंच."

व्हरांड्यात महादू सुतार काम करत होता. संग्रहाच्या सगळ्या फ्रेमा त्याच्या, कॉम्प्युटरचं टेबल त्याचं, पोथीचं कपाटही त्याचं. सकाळपासून गंगारामाची बाजू मोठ्याने घेणारा कुडाळात तो एकटाच होता. हाक मारल्यावर तो हात पुसत आत आला.

"गंगाराम असा करूचो नाय," तो म्हणाला. "देवमाणूस. माका काय मशीनचा कळणा नाय, पण माणसा कळतत." त्याने खिशातली घडीची पट्टी उघडली, पानावर ठेवली. "चौदा इंच, दोन सूत."

सुभद्राबाईंनी तिन्ही आकडे पाकिटाच्या पाठीवर लिहिले आणि भाईंकडे दिले. "दोन सूत म्हणजे पाव इंच, तिघांचं माप एकच. पान छत्तीस पूर्णांक दोन. सूचीत मात्र सदतीस पूर्णांक पाच. म्हणजे नोंद झाली तेव्हा पोथीत खरं पान होतं, अर्धा इंच लांब. अदलाबदल त्यानंतर झाली, आणि त्यानंतर पोथी परत जाईपर्यंत तुमच्या छपराखाली होती, परत गेल्यावर मानकऱ्यांच्या कुलपात. गंगाराम सुटला. गणपतही सुटला."

भाईंना हे पटायला वेळ लागला नाही. ते हुशार होते, आणि हुशार माणूस अडकला की दुसऱ्याला पुढे करतो.

"कबूल," ते म्हणाले. "मग आता उलट बाजूने बघू. नोंद कुणी केली? सुनीतीने. मशीन फक्त कुणाला येतं? सुनीतीला. पान पंधरा दिवस, माफ करा, आठ दिवस कुणाच्या हाताखाली होतं? सुभद्राबाई, तुम्ही तुमच्या घरातला चोर स्वतःच शोधून दिलात."

सुनीतीने ओठ घट्ट मिटले. तिचे डोळे भरून आले आणि ते सगळ्यांना दिसले याचा तिला जास्त राग आला. एकतीस वर्षांत सुभद्राबाईंनी हजारो पत्रं योग्य दारी पोचवली, आणि हे एक पत्र आपल्याच घरात येऊन पडलं होतं. बाहेर उन्हं कलायला लागली होती.

४

सुभद्राबाई व्हरांड्यात गेल्या. त्यांना विचार करायला चालावं लागे, पोस्टातल्या खणांपुढून फिरायची सवय. व्हरांड्याच्या भिंतीवर गणपतने केलेल्या नकला टांगलेल्या, प्रत्येक पानाच्या पुढच्या नि मागच्या चित्राची जोडी शेजारीशेजारी. त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या. सातव्या जोडीशी पुढचं चित्र होतं, लाल घोड्यांचा रथ. शेजारी नुसता खिळा.

"ही फ्रेम?" त्यांनी हरिश्चंद्राला विचारलं.

"काच तडकली. महादूने दुरुस्तीला नेलीय."

सुभद्राबाई परत आत आल्या आणि सुनीतीच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. "रडूचा मागीर. आधी माका सांग. भलती वस्तू फडताळ घेणा नाय म्हणालंस. आमच्या पोस्टात न घेतलेला टपाल आम्ही फेकून देत नव्हतो. तुझा फडताळ काय करता?"

सुनीतीने मान वर केली. तिचे हात आपोआप कळांवर गेले.

"ठेवता," ती म्हणाली. "लोक सारखे चुकीचा टाइप करत म्हणान मी एक वायला खण केलंय. नाकारलेला सगळा थंय जाता, जसा टाइप केला तसा. चूक कशी होता ता कळूक व्हया म्हणान. मी ता कधी कोणाक सांगूकच नाय. विसारलंयच होतंय."

"उघड."

भाई खुर्चीवरून उठले. हरिश्चंद्र डबा तसाच ठेवून पुढे आला. महादू दारात पट्टीची घडी घालत उभा होता. प्रिंटर करकरत सुरू झाला आणि भोकाभोकांच्या कडेचा कागद सुटत बाहेर येऊ लागला.

पहिल्या ओळी हरिश्चंद्राच्या होत्या. तारखेच्या खणात 'घटस्थापना' असं टाइप केलेलं वाचताना तो लाजला. मग सुनीतीचं मघाचं 'खूप'. आणि त्या दोहोंच्या मध्ये एकच ओळ.

भाईंनी ती मोठ्याने वाचली. "पान सात. लांबी. चौदा इंच दोन सूत."

भाईंनी पाकिटाच्या पाठीवरचे तीन आकडे पुन्हा पाहिले, मग कागद, मग दार.

"कोणाला तरी सातव्या पानाची नोंद बदलायची होती," सुभद्राबाई म्हणाल्या. आता त्या पुन्हा प्रमाण मराठीत बोलत होत्या, पोस्टातल्या काउंटरवर बोलायच्या तशा. "खोटं पान अर्धा इंच आखूड, आणि ते त्याला पक्कं माहीत होतं. नकला फ्रेमीत बसवताना कडा त्यानेच कापल्या होत्या. नोंदीच्या दिवशी सुनीती मापं घेत होती तेव्हा शेजारी उभा राहून त्याने लांबी ऐकलीही होती. म्हणून जेवणाच्या सुट्टीत तो भिंतीवरचा कागद वाचत या टेबलाशी बसला. टेबल त्यानेच केलेलं, चार दिवस इथेच ठोकत होता, मशीन कसं चालतं ते बघत. आज्ञा बरोबर दिली. फक्त माप दिलं ते आपल्या हातच्या सवयीने. भाईंनी सेंटिमीटर लिहिले असते, हरिश्चंद्राने सव्वाचौदा. सुनीतीने तर आकडाच लिहिला असता, खण तिनेच केलाय. मशीन वाजलं, त्याला वाटलं घेतलं. तो निर्धास्त उठून गेला."

महादूने पट्टी खिशात घालायचा प्रयत्न केला. ती दोनदा खिशाबाहेर पडली.

"सूत सगळे सुतार म्हणतत," तो म्हणाला. "कुडाळात काय मी एकटोच आसंय?"

"नाय," सुभद्राबाई म्हणाल्या. "पण भिंतीवरली फ्रेम तू एकट्यानच नेलंस."

५

त्या सगळ्यांना घेऊन व्हरांड्यात आल्या आणि लाल घोड्यांच्या फ्रेमीपुढे उभ्या राहिल्या.

"एक पान करायला चित्रं दोन लागतात. पुढचं नि मागचं. भिंतीवरून दोन्ही नकला उतरवल्या, पाठीला पाठ चिकटवली आणि पोथीत सरकवली. मग दोन्ही फ्रेमा रिकाम्या व्हायला हव्यात. एक काच तडकली म्हणून गेली. पण दुसरी तर इथे भरलेली आहे. हरिश्चंद्र, ही काढ."

हरिश्चंद्राने फ्रेम उतरवून मागच्या टाचण्या उपटल्या. पुठ्ठा निघाला; लांब पान मावावं म्हणून फ्रेमीची खाच अर्धा इंच नव्याने कोरलेली होती. आत कोरी पाठ असायला हवी होती. तिथे समुद्रकाठची लढाई होती, आणि कोपऱ्यात बोटभर खळगा.

आठवडाभर खरं पान भर उजेडात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नाकासमोर टांगलेलं होतं. आणखी दोन दिवसांनी त्याचीही काच तडकली असती.

महादू पायरीवर बसला. "गोव्याचो एक हॉटेलवालो मागे लागलो होतो," तो खाली बघत म्हणाला. "खरा एक पान दी म्हणून. माका वाटला, नक्कल इतकी चांगली आसा, कोणाक कळतला?"

"डोळ्यांका नाय कळला असता," सुभद्राबाई म्हणाल्या.

भाई सुनीतीकडे वळले. मोठ्या माणसाला माफी मागायची सवय नसते, त्यामुळे ती जरा वाकडीतिकडी आली. पण आली, आणि पाठोपाठ त्यांनी जीपची किल्ली हरिश्चंद्राकडे टाकली. "पिंगुळीला. दिवेलागणीच्या आत. सुनीती, तू पुढे बस, आणि सोमवारी येशील तेव्हा पक्क्या नोकरीच्या कागदावर सही करायला पेन घेऊन ये."

सुनीतीने नाकारलेल्या नोंदींचा कागद घडी घालून आत्याच्या पिशवीत ठेवला. हा कागद आपल्याकडेच राहील, असं आत्याने भाईंना न विचारताच ठरवलं होतं.

जीप देवळाशी पोचली तेव्हा समया लागत होत्या. सगळं गाव जमलं होतं. दुसऱ्या घरची मंडळी आपली पोथी घेऊन बाजूला बसली होती, मान खाली घालून, कारण अशा रीतीने मिळणारा खेळ त्यांनाही नको होता. भाईंनी मानकऱ्यांपुढे सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. मानकरी म्हणाले, "बरा झाला. पण खरा पान कोणता, ह्या आता कोण सांगतला? काल पण सगळ्यांका खराच वाटला होता."

गंगारामाने सुनीतीकडे पाहिलं. "चेडवा, तुझ्या त्या फडताळात आणखी एक खण बसता काय?"

"बसता. कसलो?"

"अंगठ्याचो."

सुनीतीने वही काढली आणि चोवीस ओळी आखल्या. "जात होय-नाहीची ठेवतंय," ती म्हणाली. "दुसरा काय चलाचा नाय."

गंगारामाने डोळे मिटले. गणपतने सातवं पान मुद्दाम कुठे ठेवलंय ते न सांगता पोथी पिसली आणि एकेक पान त्याच्या हातात द्यायला लागला. म्हाताऱ्याचा अंगठा कोपऱ्यावर फिरायचा, थांबायचा.

"अकरावा. होय."

"दुसरा. होय."

सुनीती लिहीत होती. गाव मोजत होतं. सोळावं, विसावं, चौथं. मग गणपतने एक पान दिलं आणि गंगारामाचा अंगठा खळग्यात गेला तो तिथेच राहिला. त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं, ते त्याने पुसलं नाही.

"सातवा," तो म्हणाला. "माझ्या आज्याचा. होय."

पुढची पानं कुणी मोजली नाहीत. गणपतने पानं क्रमाला लावून पोथी काकापुढे ठेवली आणि त्याचा हात आपोआप डक्कीवर पडला, दुसऱ्या घरच्या म्हाताऱ्याने आपणहून टाळ उचलले, आणि गंगाराम डोळे न उघडताच गाऊ लागला. सुभद्राबाई समईपाशी बसून ऐकत होत्या. शेजारी सुनीती उरलेल्या ओळींपुढे एकेक 'होय' लिहीत होती, गंगारामाच्या अंगठ्याने पान उलटलं की एक.